ती, तोदी, कराटे

जपानी माणूस 'कराते' म्हणतो. त्यातला 'त' आपल्या ताकातला, जीभ दातांना टेकवून म्हणायचा. आपल्याकडे हा शब्द इंग्रजीच्या वाटेने आला, वाटेत त्याचा 'कराटे' झाला आणि तोच रुळला. मीही इथे कराटेच लिहिणार आहे. या विद्येची नावं आधी इतक्यांदा बदलली आहेत, की हा त-ट चा फरक अगदी किरकोळ म्हणावा. वर्गात आम्ही ज्या आज्ञा आणि नावं पुराणकाळापासून चालत आलेली समजून बेंबीच्या देठापासून ओरडतो, त्यातली कितीतरी गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांतली आहेत. आणि ज्या बेटांवर ही विद्या वाढली, त्या बेटांची भाषा जपानी नव्हती.

हे कळल्यापासून वर्गातला प्रत्येक शब्द मला निराळा ऐकू येतो. त्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

मी पुण्यात एका शाळेच्या पटांगणावर भरणाऱ्या वर्गात शिकते. पुढे मुलांच्या रांगा, मागे आम्ही काही मोठी माणसं. 'योई' म्हटलं की तयारीत उभं राहायचं, 'हाजिमे' म्हटलं की सुरू, 'यामे' म्हटलं की आहे तिथे थांबायचं, 'मावात्ते' म्हटलं की वळायचं. सेन्सेई, म्हणजे आमचे शिक्षक, मोजतात आणि प्रत्येक आकड्याला एक ठोसा: इच, नी, सान, शी, गो. पुस्तकात 'इची' असतं, म्हणून काही पालकांना वाटतं की मुलं अर्धवट शिकताहेत. पण भराभर मोजताना जपानी लोकही शेवटची 'इ' जवळजवळ गिळतातच. मुलांचे कान बरोबर आहेत.

मराठी जिभेला हे उच्चार सोपे जातात, याचा मला फार आनंद वाटतो. ठोशाला 'त्सुकी' म्हणतात. पुष्कळांची जीभ तिथे अडखळते आणि 'सुकी' किंवा 'टुकी' असं काहीतरी बाहेर पडतं. आपल्याकडे तो उच्चार आधीपासूनच आहे: चूल, चूक, चुलता यांतला च. पाऊल पुढे टाकून मारलेला ठोसा म्हणजे 'ओई-झुकी', आणि त्यातला 'झु' जवळपास आपल्या 'जुन्या'तला. त्सुकीची झुकी का होते? जोडशब्द झाला की जपानीत पुष्कळदा दुसऱ्या शब्दाचं पहिलं व्यंजन मऊ होतं. 'केरी' म्हणजे लाथ, पण समोरची लाथ 'माए-गेरी'. 'ताची' म्हणजे उभं राहण्याची ढब, पण पुढचा गुडघा वाकवून उभं राहिलं की 'झेनकुत्सु-दाची'. आपल्याकडे दिक् आणि अंबर मिळून दिगंबर होतो. दोन्ही भाषांचे नियम वेगळे आहेत, तरी क चा ग होताना ऐकला की मला शाळेतला संधीचा तास आठवतो.

अर्थ कळले की शरीरालाही मदत होते. 'नेको-आशी-दाची' म्हणजे मांजराच्या पावलाची ढब: जवळजवळ सगळा भार मागच्या पायावर, पुढचा पाय नुसता टेकलेला, हवा तेव्हा उचलता येईल असा. 'किबा-दाची' घोड्यावरच्या स्वाराची. 'शुतो' म्हणजे हाताची तलवार, 'नुकिते' म्हणजे आरपार जाणारा हात. 'उके'ला सगळेच 'ब्लॉक' म्हणतात. मूळ क्रियापद 'उकेरु', म्हणजे घेणं, स्वीकारणं. मराठीत त्याला झेलणं हा शब्द अगदी चपखल बसतो. वार झेलायचा म्हणजे तो येतोय तिकडे आपण जायचं, त्याचा जोर हातावर घ्यायचा आणि वळवून सोडायचा. लहान मुलांना 'अडव' म्हटलं की ती हात ताठ करून डोळे मिटून घेतात. 'झेल' म्हटलं की कोपर सैल होतं आणि डोळे उघडे राहतात. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून या एका शब्दासाठी मी सेन्सेईंच्या मागे लागले होते.

पण जपानीतसुद्धा सगळं एकसारखं नाही. 'सोतो' म्हणजे बाहेर, 'उची' म्हणजे आत. शोतोकान शैलीत सोतो-उके म्हणजे बाहेरून आत येणारा हात. दुसऱ्या काही शैलींत त्याच नावाने आतून बाहेर जाणारा. एकांनी हात कुठून निघतो ते नावात धरलं, दुसऱ्यांनी कुठे पोचतो ते. वेगवेगळ्या शैलींची मुलं स्पर्धेआधी एकत्र सरावाला उभी राहिली, की एकाच आज्ञेवर अर्ध्यांचे हात इकडे आणि अर्ध्यांचे तिकडे जातात. ही परिभाषा वरून एका तोंडाने सांगितलेली नाही, हे तिथेच ध्यानात येतं.

मी मूळची कोल्हापूरची. ढाक, धोबीपछाड, कलाजंग हे शब्द कुठल्या समितीने ठरवलेले नाहीत. वस्तादाच्या तोंडून ते पठ्ठ्यांच्या कानात गेले. ओकिनावातही बराच काळ तसंच चाललं होतं.

ओकिनावा म्हणजे पूर्वीचं र्‍युक्यू राज्य. शुरी ही त्याची राजधानी, नाहा हे बंदर. चीनशी आणि जपानशी, दोघांशीही त्याचा व्यापार. 1879 मध्ये जपानने ते राज्य बरखास्त करून आपला प्रांत केला. तिथली भाषा जपानीची बहीण खरी, पण तोक्योच्या माणसाला ती ऐकून समजत नाही. त्या भाषेत हाताला म्हणतात 'ती'. आणि लढण्याच्या या विद्येलाही म्हणायचे 'ती', नुसता हात. चीनशी नातं सांगणारा प्रकार तो 'तोदी', म्हणजे तांगचा हात, चीनचा हात. पुढे ही विद्या तोक्योला नेणारे फुनाकोशी गिचिन यांचा जन्म 1868 चा, शुरीतला. ते लहानपणी आपले गुरू अझातो अंको यांच्या घरी रात्री कंदील घेऊन चालत जायचे आणि अंगणात महिनोन्महिने एकच काता घोटायचे, असं त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. काता म्हणजे ठरलेल्या हालचालींची सलग मालिका. एक वस्ताद, एखाद-दुसरा शिष्य, रात्रीचं अंगण. तिथे रांगा कुठल्या, आणि हाजिमे-यामेची गरज तरी कुणाला?

रांगा आल्या शाळेमुळे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतोसु अंको या वस्तादांनी ही विद्या ओकिनावातल्या शाळांत नेली. मुलांसाठी त्यांनी पिनान नावाच्या पाच काता बसवल्या. 1908 मध्ये त्यांनी अधिकाऱ्यांना दहा कलमांचं एक पत्र लिहिलं, त्यात सैन्याला धट्टीकट्टी मुलं मिळतील हाही मुद्दा आहे. वर्गभर मुलांना एकदम शिकवायचं म्हणजे कवायत आली, मोजणी आली, आज्ञा आल्या. आणि शाळेची भाषा होती जपानी.

याच शाळांत 'होगेन-फुदा' होती. होगेन म्हणजे बोली, फुदा म्हणजे पाटी. जो मुलगा वर्गात आपल्या घरची भाषा बोलेल, त्याच्या गळ्यात ही लाकडी पाटी अडकवायची. दुसरा कुणी बोलताना सापडला की ती त्याच्या गळ्यात जायची, म्हणून मुलं एकमेकांवर कान ठेवून असत. आपल्याकडे इंग्रजी माध्यमाच्या शाळांत 'मराठी बोललात तर दंड' हे ऐकून मोठी झालेली माणसं आहेत, त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. हाताने करायची विद्या बेटांची, आणि ती शिकवताना तोंडाने बोलायची भाषा सरकारची, अशी ही गाठ त्या वर्गांत बसली. मी 'हाजिमे' ऐकते तेव्हा हल्ली मला हे आठवतं. मन खट्टू होतं, खोटं कशाला सांगू. त्या शब्दावरचं प्रेम मात्र कमी होत नाही.

1922 मध्ये फुनाकोशी तोक्योला गेले. शिक्षण खात्याच्या प्रदर्शनात त्यांनी आपली विद्या दाखवली. ज्युदोचे जनक कानो जिगोरो यांनी त्यांना आपल्या कोदोकान या ज्युदोशाळेत बोलावून घेतलं. पुढे ज्युदोचा पांढरा पोशाख कराटेत आला, पट्टे आले, 'दान' म्हणजे काळ्या पट्ट्याच्या पायऱ्या आल्या. 1924 मध्ये फुनाकोशींनी पहिले काळे पट्टे दिले. ज्याला आपण हजार वर्षांची परंपरा समजून इस्त्री करून जपतो, तो काळा पट्टा कराटेत येऊन शंभरच वर्षं झाली आहेत. पहिल्या दानाला 'शोदान' म्हणतात, आणि त्यातला 'शो' म्हणजे आरंभ. काळा पट्टा मिळाल्यावर वर्ग सोडणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना हा अर्थ कुणीतरी सांगायला हवा.

तोक्योत नावाचा प्रश्न उभा राहिला. 'तांग' हे चिनी अक्षर जपानीत 'कारा' असंही वाचतात, आणि 'ते' म्हणजे हात. रिकामा, मोकळा या अर्थाच्या अक्षराचाही तसाच उच्चार होतो. 'रिकामा हात' असं लिहिण्याची सुरुवात ओकिनावातच, 1905 मध्ये हानाशिरो चोमो यांच्या एका टिपणात सापडते. पण जोर चढला तो पुढे, जपानात राष्ट्रवादाचं वारं वाहायला लागल्यावर. जपानी युद्धविद्यांच्या रांगेत बसायचं, तर नावात चीन नको होता. 25 ऑक्टोबर 1936 रोजी नाहामध्ये 'र्‍युक्यू शिम्पो' या वृत्तपत्राने जुन्याजाणत्या वस्तादांची बैठक घेतली. हानाशिरो होते, मियागी चोजुन होते, क्यान चोतोकु, मोतोबु चोकी होते. माझ्याकडे शिकायला येणारी माणसं अजून 'ती शिकवा' असंच म्हणतात, हे मियागींनी त्या बैठकीत सांगितलं. तरी ठरलं ते रिकाम्या हाताचंच. पुढच्याच वर्षी जपान आणि चीनमध्ये युद्ध पेटलं. ओकिनावा प्रांताने 2005 पासून 25 ऑक्टोबर हा कराटे दिन म्हणून साजरा करायला घेतला, तो या बैठकीची आठवण म्हणून.

कातांची नावं बदलली, त्याची मला सगळ्यात जास्त ओढ आहे. फुनाकोशींनी पिनानचं हेआन केलं. अक्षरं तीच, फक्त जपानी वाचन. नाइहांचीचं झालं तेक्की, म्हणजे लोखंडी घोडा. चिन्तोचं गानकाकु, खडकावर उभा करकोचा. वान्शूचं एन्पी, पाकोळीचं उड्डाण. आणि कुसांकूचं कांकू. कुसांकू हा अठराव्या शतकात ओकिनावात आलेला एक चिनी अधिकारी, असं परंपरा सांगते. त्याच्याकडून आलेली म्हणून काताला त्याचं नाव. कांकू म्हणजे आकाश पाहणं. काताच्या सुरुवातीला दोन्ही तळवे जुळवून सावकाश कपाळाच्या वर न्यायचे आणि बोटांमधल्या त्रिकोणी फटीतून वर बघायचं, त्यावरून हे नाव. नाव सुंदर आहे. हालचालीतून आलेलं आहे, मुलांना लगेच समजतं, आणि मला ती हालचाल करताना दर वेळी भरून येतं. पण त्या नावामुळे एक माणूस पुसला गेला. परक्या बंदरात येऊन ज्याने आपल्याजवळचं काहीतरी दिलं, त्याची एवढी एकच खूण उरली होती.

फुनाकोशींना यासाठी दूषणं द्यावीत असं मला वाटत नाही. जुन्या नावांचे अर्थ तेव्हाही धड कुणाला ठाऊक नव्हते, आणि तरुण जपानी मुलांना समजेल असं काही देणं त्यांना गरजेचं वाटलं. पुढे काळ बदलेल तशी कातांना पुन्हा नवी नावं मिळतील, असंही ते स्वतःच लिहून गेले आहेत. इतका मोकळेपणा फार थोड्या गुरूंकडे असतो. एक गंमत मात्र सांगायलाच हवी. एन्पी या काताशिवाय कोपराच्या माऱ्यालाही 'एन्पी' म्हणतात. तिथे अक्षरं वेगळी, अर्थ माकडाचा बाहू. जपानी माणसाला लिहिलेलं बघून कळतं, कुठे पाकोळी आणि कुठे माकड. देवनागरीत दोन्ही एक होतात. आपल्या मुलांच्या वहीत हा फरक तोंडीच सांगावा लागतो.

या शब्दांमध्ये भारत शोधायचा मोह आपल्याला होतोच. बोधिधर्म कांचीहून चीनला गेला आणि त्याने शाओलिनच्या भिक्षूंना युद्धविद्या शिकवली, ही कथा प्रत्येक वर्गात सांगितली जाते. ती कथा सतराव्या शतकातल्या एका चिनी ग्रंथाच्या आधाराने पसरली, बोधिधर्मानंतर हजारेक वर्षांनी. इतिहासकार ती मानत नाहीत, आणि मलाही ती मुलांना इतिहास म्हणून सांगावीशी वाटत नाही. त्यापेक्षा खरं नातं शब्दांतच आहे. 'दोजो' हा शब्द घ्या. बौद्ध ग्रंथ चिनीत गेले तेव्हा 'बोधिमंड' या संस्कृत शब्दासाठी जी दोन अक्षरं वापरली गेली, त्यांचं जपानी वाचन म्हणजे दोजो. ज्या जागी बुद्धाला बोध झाला ती जागा, पुढे साधनेची कुठलीही जागा, आणि मग व्यायामशाळासुद्धा. 'कराटे'तल्या रिकामेपणाचंही तसंच. नव्या नावाचं समर्थन करताना फुनाकोशींनी 'शिकी सोकु झे कू' हे वचन पुढे केलं. प्रज्ञापारमिताहृदयातलं ते वचन संस्कृतात 'रूपं शून्यता' असं आहे. चीनचं नाव काढायला आधार मिळाला तो बौद्ध शून्याचा, आणि ते शून्य जपानात पोचलं होतं चीनमार्गेच. आमचा दोजो म्हणजे शाळेचं धुळीने भरलेलं पटांगण. आत येताना वाकून नमस्कार करतो तो बोधिमंडाला, हे समजल्यापासून माझी मान आपोआप जास्त खाली जाते.

नाहाकडच्या कातांची नावं फार बदलली गेली नाहीत, आणि त्यांत चीन अजून तसाच ऐकू येतो. सेइसान, सेइपाई, सानसेइरू, सुपारिन्पेई. मंत्रासारखे वाटणारे हे शब्द म्हणजे नुसते आकडे आहेत, चीनच्या फुजियान प्रांतातल्या उच्चाराचे: तेरा, अठरा, छत्तीस, एकशे आठ. म्हणजे आमच्या वर्गात आकडे दोन वेळा येतात. इच-नी-सान हे चिनीतून जपानीत फार पूर्वी मुरलेले, आणि सुपारिन्पेई हा फुजियानच्या बंदरांतून नाहाला आलेला. एकशे आठ का, याची उत्तरं वेगवेगळी दिली जातात. जपमाळ ओढलेल्या घरातल्या माणसाला तो आकडा परका वाटत नाही, एवढंच मी म्हणेन.

'ओस' या होकाराच्या, अभिवादनाच्या शब्दाबद्दलही थोडंसं. आपल्याकडे प्रत्येक वाक्याला ओस म्हणायची सवय आहे. हा शब्द पसरला जपानच्या मुख्य बेटांवरच्या विद्यापीठांतल्या क्लबांमधून, आणि त्याच्या उगमाबद्दल एकमत नाही. ओकिनावातल्या जुन्या दोजोंत गुरूला साधं 'हाय' म्हणतात, म्हणजे हो. मला ते अधिक आवडतं.

2021 मध्ये तोक्योच्या निप्पोन बुदोकानमध्ये ऑलिंपिकची काता स्पर्धा झाली. त्यात किउना र्‍यो यांनी सुवर्ण मिळवलं आणि ते ऑलिंपिक सुवर्ण मिळवणारे पहिले ओकिनावन ठरले. पदक घेताना त्यांच्या हातात दिवंगत आईची तसबीर होती. त्याआधी रिंगणात उभं राहून त्यांनी काताचं नाव पुकारलं, 'ओहान-दाई'. नियमच आहे तो, काता सुरू करण्याआधी नाव मोठ्याने सांगायचं. बेटांवरून बाहेर पडल्यावर विद्येच्या नावात आणि उच्चारांत एवढ्या उलथापालथी झाल्या, आणि तिथलाच मुलगा साऱ्या जगासमोर नाव पुकारत होता. मी टीव्हीसमोर उभी राहिले होते.

ओकिनावाची भाषा आज संकटात आहे. 2009 मध्ये युनेस्कोने र्‍युक्यू बेटांवरच्या भाषा धोक्यातल्या भाषांच्या यादीत घातल्या. तिथल्या लोकांनी 18 सप्टेंबर हा आपल्या भाषेचा, 'शिमा-कुतुबा'चा दिवस ठरवला आहे. कुतुबा म्हणजे बोली. कु म्हणजे नऊ, तु म्हणजे दहा, बा म्हणजे आठ, असा तारखेचा मेळ. घरांतून ती भाषा आटत असताना दोजोंमध्ये तिचे काही शब्द टिकून आहेत, आणि ते नेमके अंगात मुरवायच्या गोष्टींचे आहेत. 'मुचिमी' म्हणजे चिकट जडपणा: हात समोरच्याच्या हाताला लागला की सुटता कामा नये, तो गेला तिकडे आपलाही गेला पाहिजे. 'गामाकु' म्हणजे कमरेच्या बाजूचा, बरगड्यांखालचा भाग, तो कसा आवळायचा आणि कसा सोडायचा ते. 'चिन्कुची' म्हणजे सांधे आणि स्नायू क्षणात एकत्र बांधले जाऊन येणारं बळ. हे शब्द पट्ट्यांच्या परीक्षेच्या कागदावर नसतात. 'काकिए' या सरावात दोघं मनगटाला मनगट लावून उभे राहतात आणि ढकलत-ओढत राहतात, तेव्हा समोरचा शिकवणारा मुचिमी म्हणजे काय ते हातानेच सांगतो. त्याला आज्ञा लागत नाही, मोजणीही नाही.

ओकिनावातल्या तोमिगुसुकु इथे 2017 मध्ये ओकिनावा कराटे काइकान, म्हणजे कराटेचं भवन, उघडलं आहे, आणि तिथून नाहा जवळच आहे. मला एकदा तिथे जायचं आहे. जपानी जुजबी येतं, तेवढं पुरेल. एखाद्या म्हाताऱ्या गुरूंना विचारायचं आहे की त्यांचे आजोबा या विद्येला काय म्हणायचे, आणि 'ती' हा शब्द ते कसा उच्चारतात हे नीट ऐकायचं आहे.